वाटीभर साखर

दुकानातल्या टीव्हीवर बातमी लागली: शेजाऱ्यावर चालून गेलेल्या देशावर आणखी निर्बंध, शेजाऱ्याला शस्त्रं. “असंच पायजे! आपुन नाई का गंगारामचा माज उतरवला?” गिऱ्हाईक नागेश म्हणाला. दुकानदार दौलतनं टीव्हीचा आवाज कमी केला. गेल्या साली गंगारामनं शेजाऱ्याच्या वावरात बांध सरकवला, तेव्हा गावसमितीनं त्याला वाळीत टाकलं, शेजाऱ्याच्या राखणीला लाठीवाली माणसं दिली. तिसऱ्या दिवशी गंगारामची बायको वाटी घेऊन आली. लेकराला हगवण लागली होती, मीठ-साखरेच्या पाण्यापुरती साखर हवी होती. “समितीचा हुकूम हाय, बाई,” म्हणत दौलतनं तिला परतवलं. वाटी फळीवरच राहिली. बांध जागेवर आला. लेकरू आदिलाबादच्या दवाखान्यात नेताना वाटेतच दगावलं. आता बोलता बोलता नागेशनं त्याच वाटीतली चिमूटभर साखर उचलली. “ठेव ते!” दौलत ओरडला. मग हळूच म्हणाला, “रोज भरून ठेवतो. कदीतरी न्यायले येईन त्या लेकराची माय.”