पूर्ण प्राणी

“पूर्ण प्राणी नसेल, तर त्याला संग्रह म्हणायचं कशाला?” परदेशातल्या एका मोठ्या संग्रहालयाच्या प्रमुखांनी लॅपटॉपच्या पडद्यावरून विचारलं. सुलतानपुरात आपल्या घराच्या ओसरीत बसलेल्या धम्मशीलाने कॉलेजातून आणलेली पेटी जवळ ओढली.

जगभरच्या वैज्ञानिक संग्रहांची एक समिती त्या दिवशी स्थापन होत होती. कोणाकडे कुठला नमुना आहे ते सगळ्यांना कळावं, एवढा साधा हेतू. पण समिती म्हटली की अटी आल्याच. पहिलीच अट पूर्ण प्राण्याची होती, आणि धम्मशीलाच्या कॉलेजातल्या कपाटात एकही पूर्ण प्राणी नव्हता. पिसं होती, फुलपाखरांचे रिकामे कोश होते, सापाच्या काती होत्या. कोणताही जीव मारणार नाही, हे शील तिने लहानपणी विहारात घेतलं होतं. प्राणिशास्त्र शिकवायला लागल्यावरही ते मोडलं नव्हतं. प्राचार्यांना याचं कौतुक बेताचंच. समितीत नाव लागलं तर कपाट राहील, नाहीतर तिथे झेरॉक्स मशीन येईल, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

“आमच्याकडे हजारो धामणी आहेत. बरण्यांमध्ये, अख्ख्या,” प्रमुख म्हणाले. “तुमच्याकडे नुसती टाकलेली कातडी.”

धम्मशीलाला राग आला, आणि राग आला की तिचं इंग्रजी आटायचं. तिने पेटीतून धामणीच्या काती बाहेर काढल्या आणि जुन्यापासून नव्यापर्यंत एकेक करून कॅमेऱ्यापुढे धरल्या.

समितीच्या अध्यक्षबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. “थांबा, थांबा. मानेजवळचे हे तुटलेले खवले प्रत्येक कातीवर कसे?”

“लहान असताना मुंगसाने धरलं होतं तिला.”

“तिला? म्हणजे या सगळ्या काती एकाच धामणीच्या?”

“हो. हातभर होती, तेव्हापासूनच्या.”

प्रमुखांचा आवाज एकदम उतरला. “आमच्या प्रत्येक धामणीचा आम्हाला एकच दिवस माहीत आहे,” ते म्हणाले. “ही कधी मेली?”

“मेली?” धम्मशीलाने लॅपटॉप उचलून अंगणातल्या गोठ्याकडे वळवला. गुरांसाठी साठवलेल्या कुटाराच्या ढिगावर एक जाडजूड धामण वेटोळं घालून ऊन खात पडली होती. शेजारीच धम्मशीलाची आई, जनकाबाई, टोपल्यात शेण भरत होती.

अट काढून टाकण्याच्या बाजूने पहिला हात प्रमुखांचाच वर गेला. मग त्यांनी अगदी अदबीने विचारलं, पुढची कात कधी मिळेल. धम्मशीलाने तेच आईला विचारलं.

जनकाबाईने धामणीच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. “डोये आताशी दुधाळ झाले तिचे,” ती म्हणाली. “आठ-दहा रोज दम धरा म्हना त्याहीले.”