चौथा चष्मा

तक्त्यावरचं सगळ्यांत वरचं अक्षर भोपळ्याएवढं होतं. आईनं डोळे बारीक केले आणि म्हणाली, "छत्री."

"आई, अक्षर वाचायचंय."

"मग छ."

ते 'क' होतं. चष्मेवाल्यानं भिंग बदलून पाहिलं.

तीन महिन्यांत आईचा हा चौथा चष्मा. दर गुरुवारी ती मुलाच्या दुकानात यायची, गिऱ्हाइकांच्या रांगेत बसायची आणि आधीपेक्षा वाईट वाचायची. तिसरा चष्मा तर इतका जाड झाला, की तो लावून तिनं घरातल्या कोटाच्या स्टँडला "या, बसा" म्हटलं. स्टँड बसला नाही, याचा तिला दिवसभर राग होता. हे तिनंच त्याला जेवताना सांगितलं. त्यानं फोनमधून मान वर न करता 'हं' केलं. त्याची झोप मात्र त्या दिवसापासून उडाली होती.

आज पुन्हा त्यानं तिची हनुवटी यंत्राला टेकवली. आधी उजवा डोळा, मग डावा, निरखून निरखून पाहिला. कुठंच काही सापडेना.

"उद्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ," तो म्हणाला. "डोळ्यामागच्या नसेचं काही असलं तर..." आणि यंत्राची काच पुन्हा पुसू लागला.

आई जागची हलली नाही. त्याच्या शर्टाचं दुसरं बटण लोंबतंय म्हणाली. पर्समधून सुई काढली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि तपासणीच्या त्या अंधाऱ्या खोलीत, चष्म्याशिवाय, पहिल्याच फटक्यात ओवलं.

दोघंही सुईकडे बघत राहिले. सुईनं कुणाचीच बाजू घेतली नाही.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्या चष्म्यापासून," आई बटण टाचत म्हणाली. "घरी तू माझ्यासमोर बसतोस आणि फोनकडे बघतोस. इथं हनुवटी टेकवली की दहा मिनिटं माझ्याकडे बघतोस. मग म्हटलं, छ तर छ."

तिनं दोरा दातांनी तोडला.

बाहेर तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. खिशात फोन थरथरत होता. चष्मेवाल्यानं तो काढला आणि फ्रेमच्या खणात टाकून दिला. भिंतीवरचा तक्ता उतरवला. त्या जागी स्टूल ओढलं, वरचा दिवा लावला आणि स्वतः जाऊन बसला.

"वाच."

आईनं वरून सुरुवात केली. कपाळावर नवी आठी. डोळ्यांखाली काळं, कितीतरी रात्रींचं जागरण. डाव्या गालावर दाढी राहिलीये. गळ्याची हाडं दिसतात, दुपारचा डबा अर्धाच खात असणार. ती कुठंही अडखळली नाही.

सगळ्यांत खालची बारीक ओळ त्या दुकानात आजवर कुणालाच वाचता आली नव्हती. आईनं ती खुर्चीतूनच वाचली.

"घाबरला होतास रे."