निळ्या रंगाखाली

‘मयत मुलीच्या हातात मोबाईल होता.’ एवढं एक वाक्य खात्याच्या अहवालात लिहून तुम्ही हात झटकलेत, साहेब. पुढचं काम लोकांनी तुमच्यासाठी फुकट केलं. आजकालच्या पोरी अशाच, बोलत बोलत चालतात, रेलून फोटो काढतात, मग पडतात. चहाच्या टपरीवर हेच बोलले, बसमध्ये हेच बोलले. शेवटी घरात तिचा बापही हेच बोलला. तुम्हाला आणखी काय हवं होतं?

तो बाप, नागोजी, आज ती पडली त्याच पुलावर उभा आहे. सिरुसेरीच्या आयटी पार्कमागे कालव्यावरचा हा लोखंडी पूल, फक्त पायी जाणाऱ्यांचा. खाली टेम्पोवर पंप धडधडतोय आणि नागोजीच्या हातात पाण्याची गन आहे. तिच्या नोझलमधून सुटणारी धार अशी, की मध्ये बोट आलं तर बोट जाईल. त्या धारेनं पुलाचा जुना निळा रंग काढायचा, लोखंड उघडं करायचं. मग तुम्ही नवा रंग देणार. पिवळा म्हणे.

“नागोजी, ह्या कामाला तू नको येऊ बाबा,” मालक राजगोपाल तमिळमध्ये म्हणाला होता. “दुसरा माणूस पाठवतो मी.”

“लोखंड आहे, रंग आहे. काढायचा,” नागोजी म्हणाला होता.

खरंच त्याला काही वाटत नव्हतं. गनचे धक्के खाऊन संध्याकाळी त्याची बोटं बधिर होतात. भाताचा घास हातात आहे की नाही, तेही कळत नाही. मुलगी, भव्या, गेल्यापासून बाकीचा नागोजीही तसाच. तो रडला नाही. तांबरमच्या घरात तिचा फोटो त्यानं भिंतीवर लावू दिला नाही. त्याची बायको कामाक्षी सांगून सांगून थकली, “अहो, ती माझ्याशीच बोलत होती. अम्मा, बस चुकली, उशीर होईल, एवढंच सांगत होती.”

“मग? फोनच ना तो?” नागोजी म्हणायचा. “आणि रेलायची सवय तिला होतीच. ती ओढणी आठव.”

पडली त्याच्या आदल्या आठवड्यात भव्या पांढऱ्या ओढणीला निळा पट्टा लावून घरी आली होती. कुणी मोठा माणूस येणार म्हणून पूल घाईघाईनं रंगवला होता, आणि ही बया ओल्या कठड्याला टेकून बसची वाट बघत होती. नागोजी तेव्हा ओरडला होता, “कठडा काय तुला टेकायला बांधलाय?”

“मग आणखी कशाला बांधतात, अप्पा?” ती हसत म्हणाली होती.

“उलट बोलू नको,” तो म्हणाला होता.

नागोजी रंग दोन हातांत काढतो. पहिला हात हलका, वरचा थर सोलायला. दुसरा पूर्ण जोराचा. आज त्याच्या मागे तुमच्या खात्याचा इंजिनिअर मुरली छत्री उघडून उभा होता. उन्हानं वैतागला होता.

“अण्णा, दोनदा कशाला? एकाच दणक्यात उडवा ना. जेवायच्या आत मोकळे होऊ.”

“मला असंच येतं, सार.”

मग भव्या पडली ती जागा आली. तुटलेला कठडा केव्हाच बदललाय, तिथं नवा पाइप चकाकतोय. पण पाइपच्या खालचा गर्डर जुनाच. नागोजी गुडघ्यावर बसला आणि त्यानं गर्डरवर हलकी धार धरली. निळा रंग सालीसारखा सुटला, चिंध्या होऊन कालव्यात पडला. खाली लाल प्रायमर दिसला. आणि लाल प्रायमरवर पांढरी फुली.

फुलीच्या बाजूला बाण. बाणाचं टोक वर, कठड्याकडे. त्याच्यापुढे ब्रशनं ओढलेली तमिळ अक्षरं सुरू होत होती. नागोजीनं धार पुढं सरकवली. निळ्यातून एकेक अक्षर बाहेर आलं.

कठडा सैल. टेकू नका.

त्यानं परत वाचलं. पांढरं खाली होतं. निळं त्याच्यावर होतं. आणि ते निळं भव्याच्या ओढणीला लागलं होतं, ती पडायच्या आधी.

मुरलीनंही वाचलं. हे काय आहे, असं त्यानं विचारलं नाही.

“अण्णा,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “प्रेशर वाढवा. तेवढं काढून टाका. एक हात फिरवला की झालं.”

नागोजीनं चाप सोडला. धार तुटली. खाली राजगोपालनं वर पाहिलं आणि काय समजायचं ते समजून पंप बंद केला. गन पुलावर ठेवून नागोजी उठला. ओले हातमोजे काढले, खिशातून मोबाईल काढला. बोटं काचेवर फिरत होती, पण काच दाद देत नव्हती. त्यानं मोबाईल मुरलीपुढं धरला.

“माझी बोटं बधिर झालीत, सार. ह्याचा फोटो तुम्ही काढा. माझ्या बायकोला पाठवायचाय.”

मुरलीनं हात मागे घेतला. छत्री कलंडली.

“घ्या ना. मोबाईलच आहे.” नागोजीचा आवाज चढला नाही. “कठडा आणखी कशाला असतो, असं पोरीनं मला विचारलं होतं. मी तिला गप्प केलं. मग तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि मेल्यावरही तिला गप्पच ठेवलं. तेव्हापासून मी माझ्या मेलेल्या मुलीवर रागावलेलो आहे. आता तो राग मी कुणावर काढू? बोला, सार.”