सान इसिद्रोची मोकळीक

“जा, ओदिलियाताई. आईला आमच्याकडून पण एक मुका दे,” एकूण वेळेत आघाडीवर, म्हणून पिवळ्या जर्सीत असलेली लिस्बेत म्हणाली आणि तिनं वाट करून देण्यासाठी सायकल बाजूला घेतली.

शर्यतीचा शेवटचा दिवस होता. नदीकाठच्या रस्त्यानं बासष्ट सायकली सान इसिद्रोकडे चालल्या होत्या. शर्यत जिच्या गावातून जाते, तिला बाकीच्या थोडं पुढे जाऊ देतात. तिनं उतरावं, घरच्यांना भेटावं, मागून घोळका आला की त्यात मिसळावं. त्या मोकळिकीचा फायदा घेऊन पळायचं नाही. नियमांच्या पुस्तकात हे नाही, पण आजवर कुणी मोडलं नव्हतं.

“तुम्ही येईपर्यंत थांबते,” ओदिलिया म्हणाली. “शब्द देते.”

“बरं बरं, शब्दबिब्द कशाला? जा तू.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. “ही सकाळची जपमाळ झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही, माहितेय?”

“म्हणून तर आपल्याला पाजत फिरते!”

ओदिलियाही हसली. अकरा वर्षं ती पाणीच वाहत होती. संघाच्या गाडीपाशी मागे जायचं, सहा बाटल्या जर्सीत कोंबायच्या, चढ चढून पुन्हा पुढे यायचं. लिस्बेतचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. लिस्बेतच्या आधी संघाची दुसरी म्होरकी होती, तिच्यासाठीही तेच. स्वतः ओदिलियानं एका दिवसाचा टप्पाही कधी जिंकला नव्हता. चौतीस वर्षांची झाली होती, आणि ही तिची शेवटची शर्यत होती.

गावाआधी अरुंद पूल लागला, मग तीन किलोमीटरचा सरळ रस्ता. देवळापुढे आई उभी होती. अंगावर लोकरीची रुआना पांघरलेली, एका हातात अरेपांची, मक्याच्या जाड भाकऱ्यांची ताटली, दुसऱ्या हातात पितळी फुलदाणी.

ओदिलिया उतरली, आईच्या गळ्यात पडली. मग फुलदाणीकडे बघून तिनं मान खाली घातली.

अकरा वर्षांपूर्वी आई तापानं बेशुद्ध पडली, तेव्हा याच देवळात ती मारियामातेला नवस बोलली होती: आई उठून बसू दे, माझ्या पहिल्या विजयाची फुलं तुझ्या पायाशी वाहीन. आई उठली. फुलदाणी तशीच राहिली. दर शनिवारी आई ती चिंचेनं घासायची आणि रिकामीच परत ठेवायची.

“आज नाही गं आई.”

“आज नाही तर कधी? सोमवारपासून तू मावशीच्या बेकरीत बसणार. तिथं काय, पाव भाजण्याची शर्यत असते?”

“तसं नाही...”

“मग कसं? मागे बघ, कुणी दिसतंय? पुढं शेवटच्या रेषेपर्यंत वीस किलोमीटर नुसता उतार. इथून चार मिनिटं आधी सुटलेली कुणाला सापडत नाही. मी काय शर्यती बघितल्या नाहीत?”

“मी त्यांना शब्द दिलाय.”

“मातेला दिलेला शब्द आधीचा आहे,” आई हळूच म्हणाली.

 ओदिलियानं घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं झाली होती. तिनं अरेपाचा तुकडा मोडला आणि परत ताटलीत ठेवला. चार झाली. तिनं सायकल उताराच्या दिशेनं वळवली, पायडलवर एक पाय ठेवला. पाच झाली. तिनं पाय खाली घेतला.

“मला जमायचं नाही, आई.”

इतक्यात पुलाच्या बाजूनं एक सायकल आली. एकटीच. निळ्या जर्सीतली एकोणीस वर्षांची पोर, सकाळी पंक्चर होऊन सगळ्यांच्या मागे पडलेली.

“ताई, पाणी आहे?”

ओदिलियाचा हात आपोआप बाटलीकडे गेला. “मागे काय झालंय?”

“काय माहीत! सगळ्या पुलावर थांबल्यात. कुणीतरी पडलंय वाटतं. मी गर्दीतून वाट काढत आले, कुणाचं लक्षच नव्हतं.”

“लिस्बेत दिसली?”

“नाही.”

ओदिलियानं भरलेली बाटली तिला दिली. सवयीनं तिच्या पाठीला हात लावून पुढे ढकललंही. “दुसऱ्या वळणावर वाळू आहे, जपून!” पोर उताराला लागली आणि दिसेनाशी झाली.

पुलाचे लोखंडी सांधे सकाळच्या दवानं ओले असणार. ओदिलियानं सायकल उलटी फिरवली.

“आता कुठं निघालीस?”

“लिस्बेतला चाक लागेल.”

“तिच्या मागे गाडी नाही?”

“पूल अरुंद आहे, आई. गाडी पुढे यायची नाही.”

आई फुलदाणी धरून तशीच उभी राहिली. मोटरसायकलवरच्या पोलिसानं शिट्टी फुंकली, हात हलवले. ओदिलियानं तिकडे पाहिलं नाही. ती त्या सरळ रस्त्यावर वाऱ्याच्या तोंडावर निघाली होती. इतक्या जोरात तिनं अकरा वर्षांत सायकल चालवली नव्हती. तोंडानं मातेचं नाव चालू होतं: तिला काही होऊ देऊ नकोस, माझा नवस राहिला तरी चालेल.

पुलाच्या तोंडाशी तिनं उडी मारली, वाकून पुढच्या चाकाची कळ सैल केली, चाक हातात घेतलं आणि वर पाहिलं.

पडलेलं कुणीच नव्हतं. सायकली कठड्याला टेकवलेल्या होत्या. झाडून सगळ्या मुली रस्त्याकडे पाठ करून, नदीवर पाय सोडून कठड्यावर ओळीनं बसल्या होत्या आणि पेरूच्या वड्यांवर गुंडाळलेली पानं सोलत होत्या. मधोमध लिस्बेतची पिवळी पाठ होती. तिची नजर मनगटावरच्या घड्याळावर होती.

“उठू नका गं एवढ्यात,” ती म्हणत होती. “अजून चार मिनिटं. ओदिलियाताई आता उतारावर असेल, पण आज तिच्या हातात फुलं पडायलाच हवीत.”