सोनेरी लाटांची भिंत

दोन हजार तेवीस सालची गोष्ट. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. भागवत पेंटरनं भिंतीवरून तळवा फिरवला, बोटांची धूळ पँटीला पुसली आणि म्हणाला, “तात्या, हिच्यावर नुसता रंग मारून भागायचं न्हाई. जुन्या टेक्श्चरचे कंगोरे खालून दिसत राहत्यात. सगळं तासावं लागंल.”

“तास की मग,” गहिनीनाथ म्हणाले.

“कशाला?” चांगुणाबाई आतून आल्या. “हाय त्याच्यावरच मारा. मला चालतंय.”

शिंगणापुरातलं घर, चौकटीला दार नाही, नुसता पडदा. पुढच्या खोलीत मातकट लाल रंगावर सोनेरी लाटा उठवलेली ती भिंत. चौदा वर्षांपूर्वी चांगुणाबाई लेकीच्या बाळंतपणाला खर्ड्याला गेल्या होत्या, तेव्हा गहिनीनाथांनी ती त्यांच्या मागं करून घेतली होती. चांगुणाबाईंना ती अशी आवडली, की कुणाला तिथं खिळाही ठोकू देत नव्हत्या. दर शनिवारी लाटांच्या खाचांतली धूळ मऊ फडक्यानं टिपायच्या.

पण खरं भांडण रंगाचं नव्हतं. ती खोली बनुबाईसाठी तयार करायची चालली होती.

बनुबाई म्हणजे धाकटी जाऊ. तिचा नवरा राम नागापूरच्या कारखान्यात होता. तो उन्हाळ्यात वारला आणि गहिनीनाथांनी बायकोला न विचारता जाहीर करून टाकलं, “बनूला घरी आणायची. निम्मं घर तिचं हाय.”

“चोरटीला घरात घेताय,” चांगुणाबाई म्हणाल्या होत्या. “चाळीस वर्सं तुमच्या चुलीपाशी जळले, अन् पाठीत वार तुमीच केलात.”

चौऱ्याण्णव साली सासूची बोरमाळ गेली होती. फळीवरच्या डब्यातून गेली. या गावात बाहेरचा माणूस उंबरा ओलांडून कुणाच्या वस्तूला हात लावत नाही, देवाचा धाक. म्हणजे घेणारं माणूस घरातलंच. चांगुणाबाईंनी चारचौघांत बनूचं नाव घेतलं. बनू एकच वाक्य बोलली, “आक्का, मी न्हाई घेतली.” दुसऱ्या दिवशी राम तिला घेऊन नागापूरला गेला. जाताना त्यानं घरातला वाटाही मागितला नाही. शिंगणापुरात चोर ठरलेल्या बाईनं कोणत्या तोंडानं राहायचं?

भागवतनं भिंतीवर पाणी मारलं आणि पत्र्यानं तासायला घेतलं. लाटांचे पापुद्रे गोणपाटावर पडू लागले. चांगुणाबाई तिथून हलल्या नाहीत.

“आक्का, धूळ लई हाय. आत बसा.”

“माझी भिंत हाय. मी बघते.”

दुपारी छातीएवढ्या उंचीवर पत्र्याचा आवाज बदलला. भागवतनं मुठीनं ठोकलं. “इथं पोकळ हाय की.”

“दिवा ठेवायची दिवळी हुती,” चांगुणाबाई पटकन म्हणाल्या. “उंदरं शिरायची, म्हणून लई वर्सांपूर्वी बुजवून घेतली. उकरू नगा ती.”

“आत पोकळ राहिलं तर पुट्टीला तडे जाणार. मग शिव्या मलाच.” भागवत हसला. “गुप्तधन निघालं तर निम्मं माझं, तात्या. आधीच सांगतो.”

“काढ विटा,” गहिनीनाथ खाटेवरून म्हणाले.

“अहो, मी न्हाई म्हणतेय ना.”

“काढ रे.”

भागवतनं पहिली वीट सैल केली, हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. “ह्या विटा तर चांगल्या नव्या दिसत्यात.” चारही विटा निघाल्या. त्यानं मोबाईलची बॅटरी लावून आत हात घातला, कोपऱ्यापर्यंत चाचपला. मूठभर चुन्याचा भुगा निघाला. बाकी काही नाही.

“घ्या, आमचं निम्मं गेलं.”

गहिनीनाथांनी दिवळीत डोकावूनही पाहिलं नाही. ते बायकोकडे बघत होते. चांगुणाबाई मटकन खाली बसल्या. भागवतनं तांब्या पुढं केला. “तरी म्हणत हुतो, आत बसा.”

दिवळी विटा-सिमेंटनं बुजली. वर पुट्टीचे दोन हात आले, मग फिकट पिवळा रंग. भागवतनं पुढं सोनईत रंगाचं दुकान टाकलं. ते बरं चाललंय. बनुबाई पाडव्याला आल्या त्या राहिल्याच, आणि आल्या दिवशी जावेच्या पाया पडल्या. गहिनीनाथ गेल्या पौषात गेले. शेवटपर्यंत बायकोशी गोडच वागले. आता दोघी जावा दुपारी त्या भिंतीला टेकून शेंगा फोडत बसतात. बनुबाई मोकळ्या स्वभावाच्या, काहीही विचारा, सांगतात. पण चौऱ्याण्णव साली स्वतःच्या हातानं दिवळीत ठेवून वर विटा लावून घेतलेली बोरमाळ कुणी काढून नेली, हे चांगुणाबाईंना अजून कुणालाच विचारता आलेलं नाही.