डाव्या खांद्याची रायफल

“एवढी नाही होत तिची किंमत,” शालिग्राम काका म्हणाले. “तू पुन्हा एकदा पाहून घे.”

शेखरने कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. विकणाराच किंमत जास्त झाली म्हणून अडून बसलाय, असं अख्ख्या सदर बाजारात कुणी पाहिलं नसेल. मागच्या गुरुवारी कमी म्हणून नको होती. त्याआधी अमावास्या आडवी आली होती.

“काका, गिऱ्हाईक निघालं भिलाईहून. आज सौदा नाही झाला तर रायफल सरकारी मालखान्यात जाईन. मंग तिथं गंज खात पडन. समजते न तुमाले?”

“समजते रे, बाबू,” काका म्हणाले आणि बाकावर आणखी मागे सरकून बसले.

रायफल त्यांच्या शिशिरची. एकुलता एक. मागच्या वर्षी रिंग रोडवर ट्रकखाली गेला. लायसन्स त्याच्या नावाचं, तेव्हा त्याच्यामागे हत्यार घरात ठेवता येईना. ते शेखरच्या मामांच्या या बंदुकीच्या दुकानात जमा झालं. काकांनी स्वतःच्या नावावर लायसन्स मागून पाहिलं. पण डोळ्यात मोतीबिंदू, हाताला कापरं. नाही म्हणून आलं. मुदत वाढवून घेतली, पुन्हा वाढवून घेतली. आज ती संपत होती, म्हणून शेखरनेच फोन करून काका-काकूंना बोलावलं होतं.

वस्तू मात्र देखणी. जुनी विलायती, शिकारीची. शिकार कधीचीच बंद झाली. शिशिर ती रेंजवर निशाणेबाजीला वापरायचा. अडचण एकच. शिशिर डावखुरा, तेव्हा गोळी भरायचा बोल्ट डाव्या बाजूला. उजव्या हाताच्या माणसाने ती उचलली की देवापुढे कुणी उलटी आरती ओवाळावी तसं दिसे. म्हणून गिऱ्हाईक मिळत नव्हतं. दुकानात ती हाताळावी शेखरनेच. तोही डावराच, मामा त्यावरून अजून चिडवत.

दर गुरुवारी तात्यापाऱ्याच्या देवळातलं दुपारचं कीर्तन आटोपलं की काका आणि विमला काकू यायची. कपाळी बुक्का, काकूंच्या पदरात प्रसादाची पुडी.

“खा आधी. किती वाळून राहिला,” काकू म्हणायच्या.

शेखर मनात हसायचा. देवाचा प्रसाद खाल्लेला माणूस किंमत पाडणार कशी? म्हातारी हुशार आहे.

आत खुर्च्या होत्या, कूलर होता. पण ती दोघं बसायची दाराजवळच्या बाकावर, त्याच्या पाठीमागे. “इथूनच बरं दिसते,” काका म्हणायचे. मग शेखर बोल्ट ओढून आत गोळी नाही ना ते बघायचा, नळीतून उजेड बघायचा, लाकडी दस्त्यावरून हात फिरवायचा आणि शेवटी मागच्या भिंतीकडे तोंड करून रायफल खांद्याला लावायचा. “जरा वेळ धर,” काकू म्हणायच्या. म्हातारीला नळी वाकडी वाटते की काय, असं शेखरला वाटायचं. तो किंमत सांगायचा आणि काकांची घासाघीस सुरू व्हायची. काकांचा पूर्वरंग इतका लांबायचा की आख्यानाला तोंडच फुटायचं नाही.

एका गुरुवारी शेखर पंडरीच्या बाजारात गेला होता. मामांनीच रायफल खांद्याला लावून दाखवली. दोघं किंमतही न ऐकता उठली. “शेखर असला की येऊ.”

“तुले भोळा समजून राहिले, लेका,” मामा रात्री जेवताना म्हणाले. “तुयापासून जास्तीचे काढतीन.”

ते शेखरला लागलं होतं.

आज दुपार चढायच्या आत चेतना मेश्राम आली. भिलाईची नेमबाज पोरगी, डावखुरी, लायसन्स पर्समध्ये.

“भैया, खरंच डाव्या हाताची आहे न? मागं एकानं नागपूरले बोलावलं अन् उजवीच काढून दाखवली. म्हणे, सवय होऊन जाते!”

तिने रायफल तपासली, भिंतीकडे वळून खांद्याला लावली. शेखरने सवयीने बाकाकडे पाहिलं. काका रस्त्यावरच्या स्कूटरी बघत होते. काकू पदराची गाठ सोडत होत्या, पुन्हा बांधत होत्या.

“मले पाहिजे,” चेतना म्हणाली. सांगितली ती किंमत तिने एका शब्दात कबूल केली.

काका उठले. “हिले एक हप्ता नाही थांबता येनार? पुढच्या गुरुवारपर्यंत?”

“काका!” शेखरचा आवाज चढला. “अजून काय पाहिजे तुमाले? मुदत मी नाही देत, सरकार देते.”

“एकच गुरुवार, बाबू.”

“नाही होत, काका.”

काकांनी मान हलवली. “परवा बुवांनी सांगतलं कीर्तनात. धरून ठेवल्यानं काही राहत नाही. म्या सगळ्यात आधी टाळी वाजवली.” मग शेखरच्या हातातलं पेन घेऊन ते म्हणाले, “हव. कुठं करू सही?”

सही रेघेखाली उतरली.

चेतनाने काकूंचा हात धरला. “मी जपीन तिले, काकू.”

“जप माय,” काकू म्हणाल्या. त्यांनी प्रसादाची पुडी काढली, अर्धा पेढा चेतनाला दिला, अर्धा शेखरला. शेखर रायफल कव्हरमध्ये घालू लागला तसा त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“बाबू, एकदा खांद्याले लावून दाखव न.”

“आता काहून, काकू? विकली न.”

“दाखव न रे.”

शेखरने चेतनाकडे पाहिलं. ती ‘दाखवा’ म्हणाली. त्याने बोल्ट ओढून पाहिला, भिंतीकडे वळला आणि रायफल डाव्या खांद्याला लावली. मागे बाक करकरला. दोघं उभी राहिली असावीत.

“मान जराशी डावीकडे घे,” काकू म्हणाल्या.

त्याने घेतली.

“हं. बस. आता हालू नको, शिशिर.”