एक स्वल्पविरामही नाही

संरक्षण खर्चाचं बिल राष्ट्राध्यक्षांनी व्हेटो वापरून परत पाठवलं, तेव्हा अमेरिकी लष्करातली सार्जंट सिग्ने ब्रुडविग नुसती हसली. संसदेने तेच बिल दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलं की तो व्हेटो गेला केराच्या टोपलीत. आणि तिचे बाबा तर स्वतः खासदार. तिच्या बरॅकच्या भिंतींवरची काळी बुरशी पाहून आल्यावर दुरुस्तीचं कलम त्यांनीच हट्टाने बिलात घालून घेतलं होतं.

मतदानाला ती वॉशिंग्टनला येऊन प्रेक्षक गॅलरीत बसली. फलकावर बाबांच्या नावापुढे विरोधाचा लाल दिवा लागला. चुकून दाबलं असेल, आता हिरवा होईल, म्हणून ती शेवटपर्यंत टक लावून बघत राहिली.

बाहेर तिने त्यांना गाठलं. "बाबा, बिलात काही बदललं का?"

"एक स्वल्पविरामही नाही."

"मग?"

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. "वरून फोन आला होता गं. शेवटी राष्ट्राध्यक्ष आपल्याच पक्षाचे. ते नाही म्हणाले की आपलंही नाही."

"वरून हुकूम आला की 'येस सर' म्हणायचं, हे माझं काम आहे, बाबा. तुम्हाला तर लोकांनी निवडून दिलंय ना?"